टोळीतला खोकला

आमच्या घरात औषध होतं. हे पहिलेच सांगून ठेवते, कारण लोक विचारतात, "काहून वो, दवापाणी केलं नाई का?" केलं ना! सरकारी गोळ्या होत्या, फुकट होत्या, आशाताई घरी आणून देत होती. पाण्याचा गिलासही घरातच होता. गोळी तोंडात टाकायची अन् गिळायची, एवढंच काम होतं. माझ्या नवऱ्याले ते जमलं नाई, अन् ते काही येडे नव्हते.

आमी तांड्यावरचे. झरी जामणीकडे, मुकुटबनच्या पुढं, जंगलाले लागून आमचा तांडा हाय. वावर हाय, पण पाऊस पडला तर पिकते, अन् दोन भावांत वाटलं तर कोणाचंच भागत नाई. म्हणून दिवाळी झाली की तांड्यातले जवान माणसं टोळी करून यवतमाळले येत, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, जिनिंगमधी. टोळीचा मुकादम म्हणजे माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा. टोळीत माझा नवरा, त्यायचा लहान भाऊ म्हणजे माझा दीर, अन् बाकी सगळे नात्यागोत्यातले. मी अन् माझी जाऊ, आमी बी संगं. आमी बाया कवडी वेचत बसू, म्हणजे चांगल्या कापसातून किडका, डागी कापूस काढून टाकायचा. माणसं गठाणी चढवत. माझी पोरगी तांड्यावर सासूपाशी राहून शाळेत जाये.

रुई दाबून बांधली की तिची गठाण होते. एकट्याच्या बापाच्यानं ती हालत नाई, दोघं लागतात. हातात लोखंडी आकडा, तो गठाणीत रोवायचा अन् फळीवरून लोटत लोटत ट्रकात न्यायची. ही जोडी ठरलेली असते. आपला जोडीदार कुठं दम घेते, कुठं त्याचा जोर कमी पडते, हे दुसऱ्याले ठाऊक पायजे, नाई तर गठाण मांगं येते अन् पायाचा चेंदा करते. माझ्या नवऱ्याची जोडी माझ्या दिराशी. अन् जिनिंगचा कायदा असा, की जोडीतला एक नाई आला तर दुसराही घरी. गेटवर जोड्या मोजत, माणसं नाई मोजत. म्हणजे तुमच्या पोटात दुखलं तर चूल भावाची बंद. असा कायदा कोण्या मेल्यानं काढला, त्याले एकदा डोळ्यानं पाहायचं हाय मले.

खोकल्याचं म्हणाल, तर जिनिंगमधी कोणाले खोकला नाई? दिवसभर हवेत रुई उडते. नाकात जाते, नरड्यात जाते, पापण्यावर बसते. रोज सकाळी मामा सगळ्यायच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. गूळ खाल्ला की रुई नरड्यातून खाली उतरते, असं आमच्यात सगळेच मानतात. सीझनभर खोकायचं, पाऊस लागला की खोकला आपोआप जाते. आमी त्याले रुईचा खोकला म्हणतो. त्याच्यासाठी कोणी दवाखान्यात गेलं तर टोळी त्याची चार दिवस टिंगल करीन. त्या साली पाऊस लागला, कपाशी लावून झाली, निंदण झालं, अन् आमच्या घरच्यायचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, खोकला काही गेला नाई. मी गुळाचा खडा मोठा केला. अक्कल तेवढीच होती ना बाप्पा!

दुसऱ्या सीझनले लोहाऱ्यात आलो तर त्यायचा सदरा आंगावर लोंबून राह्यलता. सांजच्या पारी आंग तापे, रात्रभर घाम. मी म्हणे, "सरकारी दवाखान्यात चला ना." तर दवाखान्याची चिठ्ठी सकाळी काढा लागते, अन् ट्रक सकाळीच भरतात. "मी गेलो तर तो घरी बसन," ते म्हणत. तो म्हणजे भाऊ. दिराच्या घरात तवा तान्हं लेकरू होतं. मी एकदा हिंमत करून ठेकेदाराले विचारलं होतं, "साहेब, आमचं आजाराचं कार्ड असते म्हणतात, त्याच्यावर सुट्टीचे पैसे भेटतात, ते कुठं हाय?" तो म्हणे, "मागच्या ठेकेदारानं काढलं असन." मागचा ठेकेदार कोण, तर याचाच साळा! दर सीझनले ठेकेदाराचं नाव बदले, ऑफिस तेच, खुर्ची तीच. अन् आमी इतके वर्स तिथंच राबून दर साली नवे. नव्या माणसाले कार्ड नसते म्हणे.

मंग राह्यला नाक्यावरचा डॉक्टर. तो सांजेले बसे, म्हणून सगळी एमआयडीसी त्याच्याचकडे. सुई टोचे, लाल पातळ औषध दे, दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. छातीले नळी लावून त्यानं कधी पाह्यलं असन तर मले आठवत नाई. लाईनच एवढी राहे त्याच्याकडे, अन् सगळे खोकणारे.

टीबी सापडला तो आशाताईमुळं. ती वस्तीत डब्या घेऊन आली, ज्याले लय दिवसाचा खोकला हाय त्यानं सकाळचा बेडका द्यायचा. आमच्या घरच्यायनं नाई म्हटलं. मी पहाटे त्यायच्या तोंडापुढं डबी धरली अन् म्हटलं, "थुका. नाई तर मी आज गेटवर येत नाई, बसा मंग." थुकले बिचारे. थोड्या दिवसांनी आशाताई आली, तिनं मले घराबाहेर बोलावलं, अन् तिचा चेहरा पाहूनच मले समजलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण बाई साजरी होती, रागवायची नाई. तिनं सांगतलं, रोज गोळ्या, भरल्या पोटी, एकही दिवस चुकवायचा नाई. सुरुवातीले आराम. अन् बंद जागेत तुमच्यासंग जे जे बसतात-झोपतात, त्या सगळ्यायले घेऊन या तपासायले. माझी तपासणी झाली, मी साफ निघाली. दवाखान्यातून निघालो तर ते गेटपाशीच थांबले अन् म्हणे, "टोळीत एका शब्दानं बोलशीन तर माझं मेलेलं तोंड पाहशीन." असं कधी बोलत नव्हते ते. मी म्हटलं, "अन् आराम?" म्हणे, "आराम कोणाच्या घरी करू, तुझ्या बापाच्या?" मले राग आला, पण त्यायच्या ओठाले कोरड पडलती, मंग मी पाण्याची बाटली पुढं केली.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पहिले मले वाटलं, सुटलो! खोकला उतरला, आंग तापणं कमी झालं. पण त्या गोळ्यायनं लघवी लाल होते. डॉक्टरीण बाईनं सांगतलं होतं, भेव नाई त्यात. पण टोळीले कोण सांगन? गोदामाच्या मांगं भिंतीपाशी सगळे रांगेनं उभे राहत. हे एकटे लांब बाभळीकडे जाऊ लागले. माणूस रोजच्या जागेवरून हलला की चार डोळे लागतातच. एक दिवस दीर मांगं मांगं गेला, त्यानं पाह्यलं, अन् त्याले वाटलं भावाच्या लघवीतून रक्त जाऊन राह्यलं. तो मामाच्या गळ्यात पडून रडला. मंग काय, लपवायचं राह्यलंच काय!

आमच्या तांड्यात काही झालं की सगळे एका जागी बसतात अन् ठरवतात. एकदा ठरलं की ते सगळ्यायचं. टोळीही तशीच बसली, मामाच्या खोलीत, दार लावून. मी डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्याच्या बाहेर उभी. मले वाटलं, आता काढतील टोळीतून. तर नाई! मामा म्हणे, "तो आपला हाय. त्याले सोडायचं नाई. पण ठेकेदाराच्या कानावर गेलं तर तो एकट्याले नाई, अख्ख्या टोळीले हाकलन. टीबीवाली टोळी म्हणून यवतमाळात कोणी उभं करणार नाई. म्हणून तोंडाले कुलूप. अन् त्याचा पाण्याचा गिलास आजपासून वेगळा." सगळ्यायनं हो म्हटलं. मले तवा इतकं भरून आलं, की मी तिथंच रडली. किती मायेची माणसं, असंच वाटलं.

गिलास वेगळा झाला. बिडी वेगळी झाली. ताट वेगळं झालं. अन् दुपारी सगळे त्याच गोदामात, शटर खाली ओढून, एकमेकाले खेटून झोपत. शटर उघडं ठेवलं तर साहेबाले झोपलेले दिसतात, म्हणून बंद. ना खिडकी ना झरोका. हा आजार श्वासातून जाते, गिलासातून नाई, हे मले लय उशिरा समजलं. टोळीनं गिलास मात्र असा सांभाळला, की कोणी चुकूनही त्याले हात लावला नाई.

मी कवडीवरून येऊन एक दिवस घर सारवायले काढलं, तर वळकटीच्या खाली गोळ्या. एक-दोन नाई, मूठभर! माझं डोक्शंच फिरलं. ते आले तशी मी मूठ पुढं केली.

"हे काय हाय?"

"हळू बोल."

"हळू कायले? मरायचं हाय का तुमाले?"

ते खाली बसले. म्हणे, "गोळी खाल्ली की मळमळते, पाय कापतात. फळीवर पाय कापले तर गठाण मांगं येईन. मांगं कोण हाय? तोच हाय ना! त्याचा पाय गेला तर त्याच्या लेकराले तू पोसशीन?"

"मंग खात कधी?"

"सुट्टीच्या दिवशी खातो."

भांडायले माणूस खोटा तरी पायजे! मी रोज गोळी हातात घेऊन उभी राहू लागली. ते तोंडात टाकत, पाणी पीत, अन् गल्लीच्या वळणावर थुकून टाकत. हेही मले जावेनं सांगतलं, मंग समजलं.

खोकला पुन्हा चढला, अन् आता बेडक्यात लाल दिसे. दवाखान्यात पुन्हा नेलं, तर डॉक्टरीण बाईनं पुन्हा बेडका तपासायले लावला, कागद पाह्यले. मंग म्हणे, "या गोळ्या आता याले लागू पडत नाई. टीबी हट्टी झाला. दुसरं औषध देऊ, पण काम बंद म्हणजे बंद." अन् मंग तिनं पुन्हा विचारलं, "यांच्यासंग काम करणाऱ्या कोणालेच कसं नाई आणलं तुमी?"

दुसरं औषध सुरू झालं, पण लय उशीर झाला होता; काम बंद करायचं ठरवा नाई लागलं, ते उभेच राहू शकत नव्हते. दिराची जोडी तुटली. तर मामा स्वतः गठाणीले लागले, त्या वयात, भाच्याचं काम जाऊ नये म्हणून. हे सांगा लागते, नाई तर तुमी म्हणाल मामा वाईट. मामा वाईट नव्हते, म्हणूनच तर काही करता येत नव्हतं.

अन् मंग एक दिवस सांजेले जावेच्या खोलीतून खोकला ऐकू आला. मी ओट्यावर भाकरी थापून राह्यलती. असा खोकला मी दोन सीझन उशाशी ऐकला होता, मले सांगायची गरज नव्हती कोणी. उठून गेली. दीर लेकराले मांडीवर घेऊन बसलता, तोंड बाजूले करून खोके, अन् जाऊ त्याले गूळ देऊन राह्यलती.

"अगं, याले दवाखान्यात ने," मी म्हटलं.

"रुई हाय वो बाई," ती म्हणे. "सीझन हाय ना." पण माझ्याकडे तिनं पाह्यलं नाई.

आमच्यात सून मामेसासऱ्याशी समोरासमोर बोलत नाई. मी गेली बोलायले. पदर डोळ्याच्या खालपर्यंत ओढला अन् म्हटलं, "मामा, सगळ्यायले तपासा. दिराले लागलं, मले पक्कं दिसते. त्याचं लेकरू लहान हाय."

मामा म्हणे, "सीझन उठू दे. मंग सगळे जाऊ."

"तोवर थांबते का ते?"

"बाई, तुझा एक आजारी हाय. तू तोंड उघडलं तर सगळे उपाशी." अन् मंग मामानं डोक्यावरची पगडी काढली अन् माझ्या पायापाशी ठेवली. सासऱ्याच्या जागेवरच्या माणसानं! सुनेच्या पायापाशी! मी पगडी उचलली, त्यायच्या हातात दिली अन् पळत घरी आली. त्याच्यानंतर मी कितीतरी दिवस गप्प होती. पगडी पायाशी ठेवली की बोलायचं काही उरत नाई, आमच्यात तर नाईच नाई.

पण एक दिवस मी कवडीच्या ढिगावर बसून पाहून राह्यलती. दीर अन् मामा फळीवर. गठाण अर्ध्यात गेली अन् दिराले उबळ आली. हातातला आकडा सुटला. गठाण मांगं सरकली, मामानं खांदा लावला, कसाबसा जीव वाचला दोघायचा. जिनिंगचा माणूस धावत आला, "काय झालं बे?" मामा म्हणे, "काही नाई साहेब, रुई बसली नरड्यात." दिरानं बाहीनं तोंड पुसलं, अन् बाहीवर लाल होतं. मले दिसलं. जावेलेही दिसलं, ती माझ्या बाजूलेच बसलती. तिनं माझं मनगट गच्च धरलं.

मी मनगट सोडवलं. पदर डोक्यावरून पडला तो पडला. मी वरडली, "रुई नाई हो साहेब! टीबी हाय! माझ्या नवऱ्याले हाय, यालेही लागला, सगळ्यायले तपासा, दवाखान्यात पाठवा हो कोणी!" रेचे, म्हणजे सरकी काढायच्या मशिनी, चालू होते, त्यायच्या आवाजाच्या वर माझा आवाज गेला. मंग कोणी तरी रेचे बंद केले, तरी मी वरडतच होती.

दवाखान्यात कोणी पाठवलं नाई. दुपारच्या आत टोळी गेटच्या बाहेर. आमी बायाही. ठेकेदार लांबूनच बोले, नाकाले रुमाल लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या टोळीचा टेम्पो आत गेला, तो आमीच रस्त्यावर उभं राहून पाह्यला. काम नव्हतं, म्हणून मंग सकाळच्या चिठ्ठीले सवडच सवड होती. सगळे तपासायले गेले. बाकी सगळे साफ निघाले, दिराले निघाला. भावाले होता तोच, हट्टी. औषध लगेच सुरू झालं त्याचं. डॉक्टरीण बाई मले म्हणे, "वेळेवर आणलं तुमी." मी तिच्याकडे पाहून हसू का रडू? टोळी तर म्हणून राह्यलती, एकट्यासाठी हिनं सगळ्यायच्या पोटावर पाय दिला.

आमच्या घरच्यायनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. मी पेज पाजायले बसली की पीत, पण बोलत नव्हते. एकदाच बोलले, "मी गोळी कोणासाठी थुकली, अन् तू काय केलं!" होळीच्या आधी गेले. टोळी आली मातीले, मामानं खांदा दिला, दिरानं खांदा दिला. माझ्याशी कोणी बोललं नाई. मी आक्रोश करून राह्यलती, तर एकही बाई मले धरायले आली नाई, जाऊसुद्धा नाई. तिच्या कडेवर लेकरू होतं, ती त्याले थापटत उभी राह्यली.

टोळी तांड्यावर परतली. दिराच्या औषधासाठी ते दोघं लोहाऱ्यातच राह्यले, अन् मीही राह्यली. पोरगी तांड्यावर सासूपाशीच होती, पण तिथं कोणत्या तोंडानं जाऊ? मले एका दालमिलमधी झाडझूड भेटली. जाऊ चार घरचे भांडे घासे. दिराले कोणतीच जिनिंग घेईना, तिथं सगळ्यायले माहीत होतं, त्या वरडणाऱ्या बाईचा दीर. मी रोज सकाळी भाकरी अन् भाजी घेऊन त्यायच्या दारात जाये, कारण गोळी उपाशीपोटी खाल्ली की ओकारी येते. दीर भाकर खाये, माझ्यासमोर गोळी गिळे, तोंड उघडून दाखवे. जाऊ आतून बाहेर येत नव्हती, बस म्हणत नव्हती. न का म्हणेना! गोळी पोटात गेली की मी निघे. पावसाळा असाच गेला. त्याच्या आंगावर मांस धरलं. हसला तर भावासारखा दिसे, अन् मले घरी येऊन रडू ये.

दिवाळी झाली. एका सकाळी गेली तर दाराले कुलूप. शेजारीण म्हणे, "ते तर काल गेले वो, आदिलाबादकडे. तिकडच्या जिनिंगमधी टोळी पायजे म्हणे, तिकडे कोणी ओळखत नाई." मी म्हटलं, "अन् औषध?" तिनं आत जाऊन पुडकं आणलं. "तुमच्या जावेनं देऊन ठेवलं. तिकडे सगळे एकाच खोलीत राहतात, कोणाच्या हाती लागलं तर पुन्हा बाहेर. ती म्हणे, आता बरा तर दिसून राह्यला तो." अव माय! बरा दिसणं म्हणजे काय बरं होणं असते का? औषध अजून अर्धंही झालं नव्हतं.

मी घरी येऊन भाकरी टाकल्या, डब्यात खाली गोळ्यायचं पुडकं, वर भाकरी. यवतमाळहून पांढरकवडा, पांढरकवड्याहून आदिलाबाद. त्या रस्त्याले किती जिनिंग हाय कोणाले ठाव, मी एकेक गेट धरलं. ऊन डोक्यावर आलं. गेटवर विचारत, "किससे मिलना है? क्या काम है?" काय काम हाय ते जिभेवर होतं. पण तेच बोलली तर ते त्याले तिथंच हाकलतील, अन् न बोलली तर तो मरन. मी म्हणे, "देवर है मेरा. घर से डब्बा लाई." अशी हळू बोले, की पुन्हा पुन्हा विचारा लागे त्यायले.

सांजेच्या आधी एका गेटच्या जाळीतून दीर दिसला. ट्रकापाशी, हातात आकडा. जोडीदार कोणी नवा होता. मी चौकीदाराले दाखवलं, "वही है." चौकीदारानं हाक मारली. दीर गेटपाशी आला, मांगं त्याचा नवा मुकादम. मी डबा दोन्ही हातानं पुढं केला.

दिरानं माझ्याकडे पाह्यलं. आमच्या बोलीत तो मले भोजाई, म्हणजे वहिनी, म्हणे, मी लग्न होऊन आली तवापासून, त्याले मिसरूडही फुटलं नव्हतं तवापासून. मंग मुकादमाकडे पाह्यलं, अन् चौकीदाराले म्हणे, "मैं नहीं जानता इसको. कौन है ये औरत?"

चौकीदार माझ्याकडे वळला. मुकादमही पाहून राह्यलता. दिराचा गळा हालत होता, खोकला दाबून धरला की हालते तसा.

मी म्हटलं, "हाँ भैया, गलती हो गई. मेरा देवर दूसरा है." डबा मी तिथंच गेटच्या आतल्या ओट्यावर ठेवला. चौकीदार म्हणे, "अरे, डब्बा तो ले जाओ." मी म्हटलं, "रहने दो, भूखा होगा कोई," अन् रस्त्याले लागली. मांगं वळून पाह्यलं असतं तर त्याले धोका होता. त्यानं तो डबा उचलला का नाई, मले अजून माहीत नाई.